नव्या लॅपटॉपवर मोफत सॉफ्टवेअर: काय टाकायचे, कुठून आणायचे आणि काय टाळायचे

ब्राउझरच्या शोधपट्टीत ‘व्हीएलसी डाउनलोड’ असे टाइप करा (व्हीएलसी म्हणजे व्हिडिओ चालवणारे एक मोफत सॉफ्टवेअर). निकालांच्या वरच्या एक-दोन ओळींवर बारीक अक्षरांत ‘स्पॉन्सर्ड’ लिहिलेले असू शकते. नाव व्हीएलसीचे, चिन्ह तेच नारिंगी शंकूचे, पत्ता मात्र भलताच. कोऱ्या लॅपटॉपमध्ये घाण शिरते ती बहुतेक वेळा याच वाटेने. सॉफ्टवेअर चांगलेच असते, आणलेली प्रत खोटी असते. म्हणून खाली नावांइतकीच जागा ती नावे कुठून आणायची याला दिली आहे.

हे सगळे विंडोज ११ असलेल्या घरच्या किंवा दुकानातल्या कॉम्प्युटरसाठी आहे. विंडोज १० चा नियमित पाठिंबा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. जुन्या मशीनवर तेच असेल आणि ११ चढत नसेल, तर विंडोजच्या जागी बसणारी लिनक्स मिंट ही मोफत ऑपरेटिंग सिस्टीम हा विचार करण्याजोगा पर्याय आहे. त्यात लिब्रेऑफिस हा ऑफिसच्या कामाचा मोफत संच आणि फायरफॉक्स हा ब्राउझर आधीपासूनच बसवलेले येतात.

पहिला अर्धा तास काहीच टाकू नका

सेटिंग्ज उघडा, डावीकडे सर्वांत खाली विंडोज अपडेट. ‘चेक फॉर अपडेट्स’ दाबा, जे येईल ते घ्या, रीस्टार्ट करा आणि पुन्हा तेच करा, ‘यू आर अप टू डेट’ दिसेपर्यंत. खोक्यात काही महिने पडून राहिलेल्या लॅपटॉपला दोन-तीन फेऱ्या सहज लागतात. हे चालू असताना सॉफ्टवेअर टाकायला घेतले तर ‘दुसरे इन्स्टॉलेशन चालू आहे’ अशा अर्थाचा निरोप देऊन इन्स्टॉलर मधेच थांबतो, आणि आपण उगाच त्या सॉफ्टवेअरला बोल लावतो.

अपडेट उतरत असतील तेवढ्यात सेटिंग्ज, सिस्टीम, अबाउट या पानावर ‘सिस्टीम टाइप’ पाहून ठेवा. तिथे ‘एक्स६४’ लिहिले असेल तर प्रत्येक ठिकाणी ६४ बिटची नेहमीची प्रत घ्यायची. स्नॅपड्रॅगन प्रोसेसरच्या लॅपटॉपवर ‘आर्म’ दिसेल. तिथे आर्म६४ ची प्रत मिळत असेल तर तीच घ्या. नेहमीची प्रतही बहुधा चालते, पण रडतखडत.

काही स्वस्त लॅपटॉप ‘एस मोड’मध्ये विकले जातात. अशा मशीनवर मायक्रोसॉफ्ट स्टोअरबाहेरचे काहीच चढत नाही. इन्स्टॉलरवर दोनदा क्लिक केले की फक्त स्टोअर उघडते. सेटिंग्ज, सिस्टीम, ॲक्टिव्हेशन इथून एस मोड फुकटात बंद होतो. मात्र परतीची वाट नाही. एकदा बाहेर पडले की पुन्हा आत जाता येत नाही. त्याने बिघडत काही नाही.

त्याच ॲक्टिव्हेशनच्या पानावर विंडोज खरोखर सक्रिय आहे का तेही दिसते. सुटे भाग जोडून बनवलेल्या पीसीवर ‘विंडोज आणि ऑफिस टाकून दिले आहे’ असे सांगितले असेल, तर आणखी एक जागा उघडून पाहा: विंडोज सिक्युरिटी, व्हायरस अँड थ्रेट प्रोटेक्शन, मॅनेज सेटिंग्ज, आणि तळाशी ‘एक्स्क्लूजन्स’. कोऱ्या मशीनवर ही यादी रिकामी असायला हवी. चोरीचे ऑफिस चालू करणारी क्रॅक सॉफ्टवेअर आपले फोल्डर या यादीत टाकून घेतात, म्हणजे अँटिव्हायरस तिकडे फिरकतच नाही. यादीत एखाद्या फोल्डरचे, किंवा त्याहून वाईट म्हणजे आख्ख्या सी ड्राइव्हचे नाव दिसले, तर वरवरची झाडलोट पुरत नाही. विंडोज नव्याने टाकून घेणेच शहाणपणाचे.

मग सेटिंग्ज, ॲप्स, इन्स्टॉल्ड ॲप्स. कंपनीने आधीच भरून दिलेली अँटिव्हायरसची महिन्या-दोन महिन्यांची चाचणी प्रत, गेम, खरेदीची ॲप्स, जे नको ते काढा. चाचणीचा अँटिव्हायरस असेपर्यंत विंडोजचा स्वतःचा डिफेंडर बाजूला बसलेला असतो. मुदत संपली की तो परका अँटिव्हायरस पैशांसाठी रोज खिडक्या उघडत राहतो. तो काढला आणि रीस्टार्ट केले की डिफेंडर आपोआप कामाला लागतो. घरच्या वापराला तो पुरतो. वेगळा मोफत अँटिव्हायरस टाकून हाती लागतात त्या मुख्यतः जाहिराती.

लॅपटॉपसोबत ऑफिस आले आहे का, हे खोक्यावर आणि बिलावर पाहा. आपल्याकडे विकल्या जाणाऱ्या बऱ्याच लॅपटॉपवर ऑफिसची एकदाच घ्यायची प्रत सोबत मिळते. विंडोज चालू केल्यापासून १८० दिवसांत ती मायक्रोसॉफ्ट खात्याला जोडली नाही तर हक्क जातो. वर्ड एकदा उघडून खात्याने साइन इन केले की झाले. किमतीत धरलेली वस्तू केवळ न उघडल्यामुळे गमावू नका.

शेवटी रिस्टोअर पॉइंट, म्हणजे काही बिघडले तर विंडोज आधीच्या स्थितीत परत नेण्याची सोय. स्टार्टमध्ये ‘रिस्टोअर पॉइंट’ शोधा, सी ड्राइव्ह निवडून ‘कॉन्फिगर’, ‘टर्न ऑन’, जागा पाच टक्क्यांच्या आसपास, मग ‘क्रिएट’. ही सोय अनेक मशीनवर मुळात बंदच असते आणि ते कळते अडचण आल्यावर.

‘फ्री’ म्हणजे नेमके काय

मोफत सॉफ्टवेअरचे प्रकार मिसळले की घोळ होतो. लिब्रेऑफिस, व्हीएलसी, दाबून लहान केलेल्या फाइली उलगडणारे ७-झिप, फायरफॉक्स ही मुक्त सॉफ्टवेअर: त्यांचा सोर्स कोड उघडा आहे आणि घर, दुकान, शाळा, सीएचे ऑफिस, कुठेही ती बिनपैशाची वापरता येतात. फोटो पाहण्याच्या इरफानव्ह्यूसारखे काही फुकट आहे ते फक्त घरगुती वापरासाठी. दुकानाच्या बिलिंगच्या कॉम्प्युटरवर टाकले तर परवान्याचा भंग होतो. ७-झिपसारखेच काम करणाऱ्या विनरारची असते ती ४० दिवसांची चाचणी प्रत. मुदतीनंतरही ती उघडते म्हणून लोक तिला मोफत समजतात, पण ती मोफत नाही. आणि काहींत अर्धे काम फुकट, उरलेल्या अर्ध्यावर कुलूप. पीडीएफ जोडून-तोडून देणारी बरीचशी सॉफ्टवेअर या जातीची.

कॉम्प्युटर व्यवसायाचा असेल तर सरळ पहिल्या प्रकारातलेच निवडा. प्रत्येक परवाना वाचत बसण्याचा त्रास वाचतो.

कुठून आणायचे

चार वाटा आहेत, आणि त्यांचा क्रमही असाच ठेवावा.

पहिली वाट नाइनाइट. नाइनाइट डॉट कॉम हे संकेतस्थळ उघडले की नेहमीच्या सॉफ्टवेअरची यादी चौकोनांसह दिसते. हवे त्यावर खूण करा, खालचे बटण दाबा, एक छोटी फाइल उतरते. ती चालवली की निवडलेले सगळे मूळ निर्मात्यांकडून उतरवून ती एकेक करून बसवते. कुठे ‘नेक्स्ट’ दाबावे लागत नाही, सोबत येणाऱ्या टूलबारना परस्पर नकार दिला जातो. ती फाइल पुसू नका. दोन महिन्यांनी तीच पुन्हा चालवली की तीच सगळी सॉफ्टवेअर अद्ययावत होतात. घरगुती वापरासाठी हे फुकट आहे. उणीव एकच: सगळे सी ड्राइव्हवर ठरलेल्या जागीच बसते.

दुसरी वाट विंडोजमध्येच आहे आणि तिचे नाव विंगेट. स्टार्टवर उजवे क्लिक करून ‘टर्मिनल’ उघडा. इंग्रजीत विंगेट, एक जागा सोडून सर्च, मग सॉफ्टवेअरचे नाव लिहून एंटर मारा. पहिल्यांदा अटी मान्य आहेत का असे विचारले जाते, वाय दाबा. समोर येणाऱ्या तक्त्यात ‘आयडी’चा रकाना पाहा, कारण एकाच नावाची चार सॉफ्टवेअर असू शकतात. सर्चच्या जागी इन्स्टॉल आणि नावाच्या जागी तो आयडी लिहिला की काम होते. उतरलेली फाइल नोंदवलेल्या ठशाशी जुळते का हे विंगेट स्वतः तपासते. काळ्या पडद्याची भीती वाटत नसेल तर नाइनाइटपेक्षाही हीच वाट बरी.

तिसरी मायक्रोसॉफ्ट स्टोअर. सोपी आहे, पण तिथे प्रकाशकाचे नाव वाचल्याशिवाय ‘गेट’ दाबू नका. मोफत सॉफ्टवेअरच्या नावाशी मिळतेजुळते नाव घेऊन पैसे मागणारी ॲप्स तिथेही बसलेली असतात.

चौथी म्हणजे निर्मात्याचे संकेतस्थळ. शोधनिकालातून नव्हे, पत्ता स्वतः टाइप करून जायचे. व्हीएलसीचा पत्ता व्हिडिओलॅन डॉट ऑर्ग असा आहे, त्यात व्हीएलसी हे नावच नाही; नवखे फसतात ते इथेच. ७-झिपचा पत्ता आकडा, मधे आडवी रेघ, झिप आणि डॉट ऑर्ग. रेघ नसलेला आणि डॉट कॉमने संपणारा पत्ता त्यांचा नाही. लिब्रेऑफिसचाही डॉट ऑर्गच. २०२२ मध्ये व्हिडिओलॅनचे संकेतस्थळ भारतात कित्येक महिने बंद होते आणि त्या वर्षीच्या नोव्हेंबरात पुन्हा उघडले. अशा काळात लोक मिळेल तिथून फाइल उचलतात, आणि तसे उचललेले दुवे पुढे वर्षानुवर्षे व्हॉट्सॲपवर फिरत राहतात.

सॉफ्टवेअरची गोदामे म्हणता येतील अशी मोठाली संकेतस्थळे पाचव्या क्रमांकालाही ठेवू नका. नामांकित जागाही बिघडतात: सोर्सफोर्ज या जुन्या घराने २०१३ नंतर काही वर्षे मुक्त सॉफ्टवेअरच्या इन्स्टॉलरांना जाहिरातींची शेपटे जोडली होती, त्यामुळे फोटो संपादनाच्या गिंपसारखा प्रकल्प तिथून निघून गेला. २०१६ मध्ये मालक बदलल्यावर तो प्रकार थांबला. पण आजही अशा पानांवर दोन-दोन हिरवी ‘डाउनलोड’ बटणे असतात आणि मोठे बटण बहुधा जाहिरातीचेच निघते.

फाइल उतरली की ती उघडण्याआधी तिचा आकार बघा. व्हीएलसीचा इन्स्टॉलर चाळीस एमबीच्या वर असतो, लिब्रेऑफिसचा साडेतीनशेच्या आसपास, ७-झिपचा जेमतेम दीड. व्हीएलसीच्या नावाने दोन एमबीची फाइल आली तर ती भलत्याच कोणाची. याला अपवाद ब्राउझरचा: क्रोम आणि फायरफॉक्स आधी एक छोटी फाइल देतात आणि ती उरलेले उतरवून घेते.

इन्स्टॉलर चालवला की विंडोज परवानगीची खिडकी दाखवते. तिथे ‘व्हेरिफाइड पब्लिशर’ ही ओळ वाचण्याची सवय लावून घ्या. पट्टी निळी आणि नाव व्हिडिओलॅन असेल तर ठीक. पिवळी पट्टी आणि ‘अननोन’ म्हणजे फाइलवर निर्मात्याची डिजिटल सही नाही. दरवेळी तो धोकाच असतो असे नाही. ७-झिपसारखे प्रामाणिक सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे सहीविना येत राहिले आहे. म्हणून पिवळी पट्टी दिसली की फाइल कुठून आणली हे आठवायचे. आठवत नसेल तर ‘नो’.

आता एकेक गरज

विंडोजसोबत येणाऱ्या एज या ब्राउझरच्या जोडीला फायरफॉक्स ठेवा. कारण मुख्यतः एक: यूब्लॉक ओरिजिन हा जाहिराती रोखणारा जोड (एक्स्टेन्शन) त्यात पूर्ण ताकदीने चालतो. क्रोमने जोडांचे नियम बदलल्यापासून तिथे त्याची ‘लाइट’ ही सौम्य आवृत्तीच उरली आहे. नुसते ‘यूब्लॉक’ नावाचे काही दिसले तर ते वेगळे. ‘ओरिजिन’ हा शब्द हवाच. हा जोड असला की वर सांगितलेल्या खोट्या बटणांपैकी बरीचशी दिसतच नाहीत. एखाद्या बँकेचे वा सरकारी संकेतस्थळ अडले तर तेवढ्यापुरते ते एजमध्ये उघडा.

मराठी टाइप करण्यासाठी काहीही डाउनलोड करावे लागत नाही, हे ठळकपणे सांगायला हवे. गूगल इनपुट टूल्सची विंडोजवर ऑफलाइन चालणारी प्रत गूगलने केव्हाच काढून घेतली. तरी तिचे इन्स्टॉलर परक्या संकेतस्थळांवर सापडतात आणि लोक ते बिनदिक्कत टाकतात. की-बोर्डवरची प्रत्येक कळ जिच्या हाती जाणार ती गोष्ट अनोळखी माणसाकडून घेऊ नये. सेटिंग्ज, टाइम अँड लँग्वेज, लँग्वेज अँड रीजन, ‘ॲड अ लँग्वेज’, मराठी. पुढच्या पानावर विंडोजची भाषाच मराठी करणारा चौकोन असतो. मेनू इंग्रजीत हवे असतील तर तो रिकामा ठेवा. भाषा बसली की तिच्यापुढच्या तीन टिंबांतून ‘लँग्वेज ऑप्शन्स’, ‘ॲड अ कीबोर्ड’. इथे दोन पर्याय: नुसते मराठी म्हणजे इनस्क्रिप्ट, आणि मराठी फोनेटिक, ज्यात इंग्रजी अक्षरांत उच्चार लिहिला की मराठी शब्द सुचतात. की-बोर्ड बदलायला विंडोजची कळ आणि स्पेसबार.

रोज पानभर लिहायचे असेल तर इनस्क्रिप्ट शिका. पंधरा दिवस बोटे अडखळतात, मग सुचवलेल्या शब्दांतून निवडत बसण्याची कटकट कायमची संपते. ‘दऱ्या’मधला ऱ्या हा सगळ्यांचा अडसर. इनस्क्रिप्टमध्ये शिफ्ट धरून जे, मग शिफ्ट सोडून डी, मग प्रश्नचिन्हाची कळ, मग ई. शिफ्ट विसरलात तर ‘दर्या’ होतो, आणि दर्या म्हणजे समुद्र.

फॉन्टची भानगड यालाच लागून येते. विंडोज ११ मध्ये देवनागरीसाठी निर्मला हा फॉन्ट असतो. मंगल असतोच असे नाही. शाळेचे परिपत्रक मंगलमध्ये केलेले असेल तर नव्या लॅपटॉपवर ओळी सरकतात आणि एका पानाचा मजकूर दीड पान होतो. मराठी भाषा जोडल्यावर मंगल बहुधा सोबत येतो. नाही आला तर सेटिंग्जमध्ये ‘ऑप्शनल फीचर्स’ शोधून ‘देवनागरी सप्लिमेंटल फॉन्ट्स’ टाकून घ्या. छापायला देखणे काही हवे असेल तर गूगल फॉन्ट्सवर मुंबईच्या ‘एक टाइप’ या संस्थेने केलेला ‘मुक्त’ नावाचा फॉन्ट आहे, ‘बालू’ आहे. दोन्ही फुकट, व्यवसायालाही. मराठी वळणाचे ल आणि श हवे असतील तर टिरो देवनागरी मराठी घ्या. झिप फाइल उलगडा, आतल्या टीटीएफ फाइली निवडा, उजवे क्लिक, ‘इन्स्टॉल फॉर ऑल यूजर्स’. जुन्या श्रीलिपी वा कृतिदेवमधला मजकूर मात्र नुसता युनिकोड फॉन्ट लावून वाचता येत नाही. तिथे अक्षरांमागचे आकडेच वेगळे असतात. तो कन्व्हर्टरमधून काढावा लागतो आणि त्यानंतर जोडाक्षरे डोळ्यांनी तपासावी लागतात.

ऑफिस सोबत मिळाले नसेल तर लिब्रेऑफिस. २०१० मध्ये ओपनऑफिसपासून वेगळे झालेले, बर्लिनच्या द डॉक्युमेंट फाउंडेशनचे. ओपनऑफिस अजूनही डाउनलोडला आहे; ते घेऊ नका, त्याची वाढ जवळपास थांबली आहे. लिब्रेऑफिस बसवताना दीडेक जीबी जागा धरा. बसवल्यावर दोन गोष्टी त्याच दिवशी करा, नाहीतर आठवड्याभरात वैतागून विकतच्या ऑफिसकडे पळाल.

एक, टूल्स, ऑप्शन्स, लोड-सेव्ह, जनरल इथे ‘ऑलवेज सेव्ह ॲज’ पुढे वर्डचा डॉक्स प्रकार निवडा आणि स्प्रेडशीटसाठी एक्सेलचा. मुळात ते आपल्या ओडीटी प्रकारात जतन करते, आणि तशी फाइल मेलवर पाठवली की पलीकडून ‘उघडत नाही’ असा फोन येतो.

दोन, देवनागरीची सोय. लिब्रेऑफिस प्रत्येक मजकुराला दोन फॉन्ट मानते, रोमन लिपीचा वेगळा आणि देवनागरीसारख्या लिपींचा वेगळा. त्यामुळे ऑप्शन्समध्ये फॉन्ट बदलूनही मराठी मजकूर जसाच्या तसा राहतो आणि माणूस चक्रावतो. ऑप्शन्समधल्या भाषेच्या पानावर ‘कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट’ या गटात मराठी निवडा. मग रायटरच्या गटात ‘बेसिक फॉन्ट्स’ नावाची दोन पाने दिसतील. ज्याच्यापुढे सीटीएल (कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट) लिहिले आहे तिथे ‘मुक्त’ वा निर्मला, आकार १२. आता नवी फाइल उघडली की मराठी पहिल्या अक्षरापासून नीट उमटते. वर्डमधून आलेल्या इंग्रजी फाइलींत कॅलिब्री नसला तरी घाबरू नका. तितक्याच रुंदीचा कार्लिटो लिब्रेऑफिससोबत येतो, ओळी फारशा सरकत नाहीत. मॅक्रो, म्हणजे आपोआप काम करणाऱ्या सूचना, भरलेल्या एक्सेल फाइली मात्र अडतात. हिशेबनीस तशाच फाइली पाठवत असेल तर हा पर्याय तुमच्यासाठी नाही.

पीडीएफ वाचायला सुमात्रा. दहा एमबीच्या आतले, क्षणात उघडणारे, जाहिरात नाही. ईपब आणि डीजेव्ह्यूतली जुनी स्कॅन केलेली पुस्तकेही उघडते. पण आपल्याकडच्या सरकारी कागदांसाठी ॲडोबी रीडर लागतो तो एका कारणाने: डिजिटल सही. ई-आधार किंवा डिजिटल सहीचा सातबारा सुमात्रात नुसता दिसतो, सहीची पडताळणी होत नाही. ई-आधारचा पासवर्ड म्हणजे नावाची पहिली चार अक्षरे इंग्रजी मोठ्या लिपीत आणि लगेच जन्मवर्ष. ॲडोबी रीडरमध्ये उघडल्यावर सहीवर पिवळे प्रश्नचिन्ह असते. त्यावर उजवे क्लिक, ‘व्हॅलिडेट सिग्नेचर’, ‘सिग्नेचर प्रॉपर्टीज’, ‘शो सायनर्स सर्टिफिकेट’. प्रमाणपत्राची साखळी भारताच्या सीसीएपर्यंत, म्हणजे डिजिटल सह्यांच्या सरकारी नियंत्रकापर्यंत, जाते हे पाहा, मग ‘ट्रस्ट’च्या टॅबमधून ते विश्वासू यादीत घाला आणि पुन्हा व्हॅलिडेट करा. हिरवी खूण येते. हे छापण्याआधी करा. प्रश्नचिन्हासह छापलेला कागद खिडकीवरून परत येऊ शकतो. ॲडोबी उतरवताना डाउनलोडच्या पानावर जोडीला काही देऊ करणारे चौकोन दिसले तर रिकामे करा.

व्हिडिओला व्हीएलसी, त्यात फार विचार नको. आयफोनवरून आलेले व्हिडिओ चालवायला विंडोजचा स्वतःचा प्लेअर वेगळा कोडेक (त्या प्रकारचा व्हिडिओ उलगडणारा जोड) विकत घ्या म्हणतो. व्हीएलसी गपगुमान चालवते. मराठी सबटायटल चौकोन-चौकोन दिसली तर टूल्स, प्रेफरन्सेस, सबटायटल्स इथे फॉन्ट निर्मला आणि एन्कोडिंग यूटीएफ-८ करा.

आरएआर आणि ७-झेड फाइली २०२३ पासून विंडोज ११ स्वतःही उघडते, पण पासवर्ड लावलेल्या फाइलीपाशी अडखळते. म्हणून ७-झिप हवेच. ते स्वतःहून अद्ययावत होत नाही, हे लक्षात असू द्या.

पासवर्डसाठी बिटवॉर्डनचे मोफत खाते पुरते. फोन आणि लॅपटॉप दोन्हींकडे चालते. इंटरनेटवर ठेवायचे नसतील तर कीपासएक्ससी, त्यात सगळे एका फाइलीत राहते. त्या फाइलीची एक प्रत पेनड्राइव्हवर हवीच. दोन्हींत मुख्य पासवर्ड विसरला की कोणीही परत मिळवून देऊ शकत नाही. तो कागदावर लिहून कपाटात ठेवणे इथे गैर नाही.

हरवलेल्या फाइली शोधायला एव्हरीथिंग. नाव टाइप होता होता यादी समोर येते. ध्वनिमुद्रणाला ऑडॅसिटी, पडदा आणि कॅमेरा एकत्र चित्रित करायला ओबीएस, चित्र काढायला क्रिटा, रेषांच्या कामाला इंकस्केप. गरज पडेल तेव्हा टाका, आधी नाही.

जे मुळातच आहे

अर्जासाठी फोटो लहान करायला म्हणून लोक आपला फोटो आणि सही कुठल्याही संकेतस्थळावर चढवतात. बँक भरतीच्या आयबीपीएसच्या अर्जाला फोटो २०० बाय २३० पिक्सेल, २० ते ५० केबी, आणि सही १४० बाय ६०, १० ते २० केबी लागते. हे विंडोजच्या फोटोज ॲपमध्येच होते: फोटो उघडा, वरच्या तीन टिंबांतून ‘रिसाइझ इमेज’, पिक्सेल लिहा, खालची ‘क्वालिटी’ची पट्टी सरकवत नवा आकार मर्यादेत आणा, वेगळ्या नावाने जतन करा. आधी कातरून प्रमाण जुळवून घ्या, नाहीतर चेहरा चेपतो.

पडद्याचा फोटो काढायला विंडोज, शिफ्ट आणि एस. त्यासाठीही वेगळे सॉफ्टवेअर नको.

टाकूच नये असे

रजिस्ट्री (विंडोजच्या आतल्या नोंदींचा साठा) साफ करणारी, ‘पीसी वेगवान’ करणारी, ड्रायव्हर आपोआप शोधणारी सॉफ्टवेअर. विंडोज ११ ला त्यांची गरज नाही. ड्रायव्हर विंडोज अपडेटमधून किंवा लॅपटॉपच्या कंपनीच्या पानावरूनच घ्यावेत. २०१७ मध्ये सीक्लीनर या अशाच साफसफाईच्या सॉफ्टवेअरची ५.३३ ही आवृत्ती निर्मात्याच्याच संकेतस्थळावरून घातक कोडसह जवळपास महिनाभर वाटली गेली होती. जे लागत नाही ते मशीनवर नसणे ही सर्वांत स्वस्त सुरक्षा.

दुसऱ्याला लांबून आपला कॉम्प्युटर चालवू देणारे एनीडेस्क किंवा टीमव्ह्यूअर कायमचे बसवून ठेवू नका. एनीडेस्कमार्फत होणाऱ्या यूपीआय फसवणुकीबद्दल रिझर्व्ह बँकेने फेब्रुवारी २०१९ मध्येच बँकांना सावध केले होते. भाच्याने लांबून मदत करायची असेल तर विंडोजमधला ‘क्विक असिस्ट’ तेवढ्यापुरता उघडा. भाच्याने सांगितलेला कोड तुम्ही टाकायचा आणि काम झाले की खिडकी बंद करायची. बँकेतून बोलतोय म्हणणाऱ्याला मात्र तेही नाही.

आणि क्रॅक. फोटोशॉपची ‘फुल व्हर्जन’ पासवर्ड लावलेल्या झिपमध्ये येते, सोबत सूचना असते की आधी अँटिव्हायरस बंद करा. झिपला पासवर्ड असतो तोच मुळी अँटिव्हायरसला आत डोकावता येऊ नये म्हणून.

बसवून झाल्यावर

फाइल एक्सप्लोररमध्ये व्ह्यू, शो, ‘फाइल नेम एक्स्टेन्शन्स’ चालू करा. नाहीतर ‘बिल’ नावाची पीडीएफच्या चिन्हाची फाइल प्रत्यक्षात ईएक्सई, म्हणजे चालणारा प्रोग्रॅम, आहे हे दिसत नाही.

टास्क मॅनेजर उघडून ‘स्टार्टअप ॲप्स’मध्ये जा. नव्याने टाकलेल्यांपैकी कोण विंडोजसोबत जागे होते ते तिथे कळते. जे आपण हाताने उघडू शकतो ते उजव्या क्लिकने ‘डिसेबल’ करा; त्याने सॉफ्टवेअर बिघडत नाही. आठ जीबी रॅमच्या मशीनवर याचा फरक लगेच जाणवतो. ध्वनी, टचपॅड वा ग्राफिक्सच्या ओळींना हात लावू नका.

२५६ जीबीची डिस्क विंडोजमध्ये २३८ दिसते. जागा चोरीला गेलेली नसते, मोजण्याची पद्धत वेगळी असते. पण त्यातले विंडोज आणि त्याची अपडेट मिळून बरीच जागा खातात, तेव्हा सी ड्राइव्हवर निदान तीसेक जीबी मोकळी ठेवा. ती संपत आली की मोठी अपडेट अर्ध्यावर अडकतात.

महिन्यातून एकदा नाइनाइटची ती जपून ठेवलेली फाइल चालवा. विंगेट वापरत असाल तर विंगेट, अपग्रेड, मग दोन आडव्या रेघा आणि त्यांना चिकटून ऑल. चालू असलेला ब्राउझर आधी बंद करा, नाहीतर त्याचे अद्ययावत होणे फसू शकते. मग इन्स्टॉल्ड ॲप्सची यादी बसवल्याच्या तारखेप्रमाणे लावा. वर जे असेल ते तुम्हीच टाकलेले आहे का, एवढेच बघायचे. ओळखीचे नसलेले नाव दिसले तर त्याच तारखेला आणखी काय बसले ते पाहा. ज्याच्या पाठीवर बसून ते आले, ते बहुधा त्याच्या शेजारच्याच ओळीत असते.